नाव न सांगण्याच्या अटीवर

१. सूत्र म्हणजे नेमकं कोण?

रोज पेपर वाचणाऱ्या माणसाला हा प्रश्न कधी ना कधी पडतोच. बातमीत लिहिलेलं असतं, 'विश्वसनीय सूत्रांनी दिलेल्या माहितीनुसार', किंवा 'नाव न छापण्याच्या अटीवर एका वरिष्ठ अधिकाऱ्याने सांगितले'. हा अधिकारी खरोखर आहे, की बातमीदाराने मनानेच उभा केला? खरा असेल, तर नाव लपवायचं कारण काय? आणि उद्या न्यायालयाने विचारलं, तर बातमीदाराला ते सांगावं लागतं का?

पहिल्या प्रश्नाचं उत्तर आधी देऊ. नीट चालवलेल्या वृत्तपत्रात सूत्र खरं असतं. बातमीदाराला त्याचं नाव, हुद्दा, त्याच्यापर्यंत ती माहिती कशी पोचली हे सगळं ठाऊक असतं. पुष्कळदा संपादकालाही ते सांगावं लागतं. नाव ठाऊक नसतं ते फक्त वाचकाला. दाराखालून सरकवलेलं निनावी पत्र वेगळं आणि नाव राखून ठेवलेलं सूत्र वेगळं. निनावी पत्र कोणी लिहिलं हे बातमीदारालाही कळत नाही, म्हणून त्यावर थेट बातमी करता येत नाही, फार तर शोधाला सुरुवात करता येते.

याचं सगळ्यांत गाजलेलं उदाहरण अमेरिकेतल्या वॉटरगेट प्रकरणाचं. १९७२ पासून 'वॉशिंग्टन पोस्ट'च्या बॉब वुडवर्ड यांना आतली दिशा दाखवणारा माणूस कोण, हे जगाला ३० वर्षांहून अधिक काळ कळलं नाही. मे २००५ मध्ये मार्क फेल्ट यांनी स्वतःच सांगितलं की तो माणूस मीच. ते त्या काळी एफबीआयमध्ये दुसऱ्या क्रमांकाच्या हुद्द्यावर होते. वुडवर्ड यांना हे पहिल्या दिवसापासून माहीत होतं. त्यांनी ते पोटात ठेवलं.

न्यायालयाने विचारलं तर काय, या प्रश्नाचं उत्तर इतकं सरळ नाही. त्यासाठी २००३ साली अमेरिकेत घडलेली एक गोष्ट मुळापासून समजून घ्यावी लागेल. त्याआधी एक छोटी पायरी.

२. बोलण्याच्या चार तऱ्हा

समजा, एखाद्या महापालिकेतला अभियंता बातमीदाराला सांगतो की शहरातल्या एका पुलाचा तपासणी अहवाल प्रतिकूल आला होता आणि तो दाबून ठेवला गेला. हे बोलणं चार तऱ्हांनी होऊ शकतं.

तो म्हणाला, 'माझं नाव घालून छापा', तर प्रश्नच मिटला. तो म्हणाला, 'नाव नको, पण मी कुठला ते लिहा', तर बातमीत 'पूल विभागातील एका अभियंत्याने सांगितले' असं येईल. तो म्हणाला, 'माझ्याकडे बोट दाखवेल असं काहीच नको', तर बातमीदार ती माहिती घेईल, पण कोणाच्याही तोंडी घालणार नाही. कागदपत्रं मिळवून किंवा दुसऱ्या माणसाकडून खात्री करून स्वतःच्या जबाबदारीवर छापेल. आणि चौथी तऱ्हा, 'हे फक्त तुमच्या माहितीसाठी'. मग ते छापायचंच नाही.

वॉशिंग्टनमध्ये या चार तऱ्हांना ठरलेली नावं आहेत. आपल्याकडे नावं तितकी पक्की नाहीत, पण मंत्रालयात वावरणाऱ्या कुठल्याही बातमीदाराला हा व्यवहार कळतो. यातला एक नियम मात्र लक्षात ठेवायला हवा, कारण पुढची सगळी गोष्ट त्यावर उभी आहे. अट बोलण्याआधी ठरते. सगळं सांगून झाल्यावर 'माझं नाव घालू नका हं' म्हटलं, तर ती विनंती असते, करार नसतो. आणि एकदा करार झाला की बातमीदार तो मोडत नाही, समोरचा माणूस पुढे कसाही निघाला तरी.

३. नायजरचा दौरा

आता २००२ सालाकडे जाऊ. पश्चिम आफ्रिकेतल्या नायजर या देशात युरेनियमच्या खाणी आहेत. इराकच्या सद्दाम हुसेन यांनी अणुबॉम्बसाठी तिथून युरेनियम विकत घ्यायचा प्रयत्न केला, अशी कुणकुण अमेरिकेच्या उपाध्यक्षांच्या कार्यालयापर्यंत आली. खरं-खोटं पाहण्यासाठी सीआयएने फेब्रुवारी २००२ मध्ये जोसेफ विल्सन या निवृत्त राजदूताला तिथे पाठवलं. विल्सन यांची निवड अकारण नव्हती. तरुणपणी त्यांनी नायजरमध्ये नोकरी केली होती, पुढे ते गॅबनमध्ये राजदूत होते, आणि १९९० मध्ये इराकने कुवेत गिळला तेव्हा बगदादच्या अमेरिकी दूतावासाचा कारभार त्यांच्याकडे होता. नियामे या राजधानीत ते आठ दिवस राहिले, आजी-माजी अधिकाऱ्यांना भेटले, पुदिन्याचा गोड चहा पीत माणसांना बोलतं केलं. त्यांचा निष्कर्ष होता की असा सौदा होणं जवळजवळ अशक्य आहे. खाणी परदेशी कंपन्यांच्या संघाकडे आहेत, त्यांच्यावर आंतरराष्ट्रीय देखरेख आहे, तिथून मोठा साठा गुपचूप बाहेर काढता येणार नाही.

तरीही २८ जानेवारी २००३ रोजी अध्यक्ष जॉर्ज बुश यांनी संसदेपुढच्या वार्षिक भाषणात आफ्रिकेतल्या युरेनियमचा उल्लेख केला. ब्रिटिश सरकारचा हवाला देणारं ते वाक्य इंग्रजीत सोळा शब्दांचं होतं आणि पुढे 'सोळा शब्द' म्हणूनच ओळखलं गेलं. मार्चच्या सुरुवातीला आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेचे प्रमुख मोहम्मद अल बरादेई यांनी संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेला सांगितलं की नायजरच्या सौद्याची कागदपत्रं बनावट आहेत. त्यानंतर दोन आठवड्यांच्या आत इराकचं युद्ध सुरू झालं.

६ जुलै २००३ रोजी विल्सन यांनी 'न्यूयॉर्क टाइम्स'मध्ये स्वतःच्या नावाने लेख लिहिला आणि आपल्याला आफ्रिकेत काय आढळलं नाही ते सांगितलं. दुसऱ्याच दिवशी व्हाइट हाउसने मान्य केलं की ते वाक्य भाषणात असायला नको होतं. बघा, इथवर सगळं उघड चाललं होतं. एका माणसाने सही करून आरोप केला, सरकारने उत्तर दिलं.

४. एक नाव फुटतं

आठवड्याभराने, १४ जुलैला, रॉबर्ट नोव्हाक या ज्येष्ठ स्तंभलेखकाचा लेख देशभरच्या वृत्तपत्रांत आला. त्यात विल्सन यांच्या पत्नीचं नाव होतं, व्हॅलरी प्लेम. त्या सीआयएसाठी महासंहारक अस्त्रांच्या विषयात काम करतात आणि नवऱ्याला नायजरला पाठवण्याची सूचना त्यांनीच केली, असं 'प्रशासनातील दोन वरिष्ठ अधिकाऱ्यांनी' सांगितल्याचं नोव्हाक यांनी लिहिलं. नाव छापू नका, असं सीआयएच्या प्रवक्त्याने त्यांना आधी सांगितलं होतं. त्यांनी छापलं.

यात बिघडलं काय, असं एखाद्याला वाटेल. बाई सीआयएत नोकरीला आहेत हे खरंच होतं. पण सीआयएत दोन प्रकारची माणसं असतात. काहींची नोकरी जाहीर असते, शेजाऱ्यांनाही माहीत असते. दुसऱ्यांना 'कव्हर' असतं, म्हणजे जगासाठी त्यांची नोकरी वेगळीच असते. प्लेम दुसऱ्या प्रकारातल्या होत्या. अण्वस्त्रांचा प्रसार रोखणाऱ्या विभागात त्यांचं काम होतं, आणि कागदोपत्री त्या ब्रूस्टर जेनिंग्ज नावाच्या एका सल्लागार कंपनीत होत्या. ती कंपनी सीआयएने उभी केलेली होती.

त्यांचं नाव छापून आल्यावर पत्रकारांनी जुन्या नोंदी चाळल्या. १९९९ साली प्लेम यांनी अल गोर यांच्या निवडणूक निधीला देणगी दिली होती आणि त्या पावतीवर मालक म्हणून याच कंपनीचं नाव होतं. झालं, कंपनीही उघडी पडली. स्वेटरचा एक टाका सुटला की ओढता ओढता अख्खी बाही उसवते, तसं हे होतं. प्लेम यांना परदेशात भेटलेला प्रत्येक माणूस, त्या कंपनीचं कार्ड खिशात घेऊन फिरलेला दुसरा कोणी हेर, त्याला माहिती देणारा एखादा शास्त्रज्ञ, या सगळ्यांकडे त्यांच्या त्यांच्या देशातलं हेरखातं आता संशयाने पाहू शकत होतं. ओळख फुटते एका माणसाची आणि जीव टांगणीला लागतो ज्यांची नावं आपल्याला कधीच कळणार नाहीत अशांचा.

५. १९८२ चा कायदा एवढा अरुंद का?

अमेरिकेत गुप्त हेराची ओळख फोडणं हा १९८२ पासून स्वतंत्र गुन्हा आहे. त्यामागेही एक घटना आहे. १९७५ च्या डिसेंबरात अथेन्समधले सीआयएचे प्रमुख रिचर्ड वेल्च यांना त्यांच्या घराबाहेर गोळ्या घालण्यात आल्या. त्याआधी काही प्रकाशनांनी त्यांचं नाव छापलं होतं. त्याच वर्षी फिलिप एजी या सीआयएच्या माजी अधिकाऱ्याने शेकडो नावं असलेलं पुस्तक काढलं होतं. अशा लोकांना आवर घालण्यासाठी कायदा झाला.

पण संसदेला धास्ती होती की सैल कायद्यात प्रामाणिक पत्रकार आणि प्राध्यापकही अडकतील. म्हणून अटी कडक ठेवल्या गेल्या. ज्याचं नाव फुटलं तो खरोखर गुप्त हेर हवा, त्याने गेल्या पाच वर्षांत देशाबाहेर काम केलेलं हवं, सरकार त्याची ओळख लपवण्यासाठी खरोखर झटत असलं पाहिजे. शिवाय फोडणाऱ्याला हे सगळं माहीत असलं पाहिजे आणि त्याने ते मुद्दाम केलेलं असलं पाहिजे.

ही अट एका उदाहरणाने तपासून पाहू. एक बडा अधिकारी पत्रकाराशी गप्पा मारताना म्हणतो, 'अहो, त्यांची बायको सीआयएत आहे.' ती गुप्त हेर आहे हे त्याला माहीत नव्हतं, असं तो सांगतो. मग या कायद्याखाली तो दोषी ठरत नाही. नुकसान तेच, हेराचं नाव तेच, पण गुन्हा सिद्ध होत नाही.

आणि अगदी असंच घडलं. नोव्हाक यांचं पहिलं सूत्र होतं परराष्ट्र खात्याचे उपमंत्री रिचर्ड आर्मिटेज. युद्धासाठी अडून बसलेल्या गटातले ते नव्हतेच. बोलण्याच्या ओघात त्यांनी ते सांगितलं. त्याआधी जूनमध्ये तेच त्यांनी बॉब वुडवर्ड यांनाही सांगितलं होतं. दुजोरा देणारं दुसरं सूत्र होतं बुश यांचे राजकीय सल्लागार कार्ल रोव्ह. आर्मिटेज यांनी हे जाहीरपणे कबूल केलं ते सप्टेंबर २००६ मध्ये.

पुष्कळ लोक म्हणतात की नाव तर आर्मिटेजनी फोडलं, मग कारस्थान कुठलं? मला हे पटत नाही. त्याच आठवड्यांत उपाध्यक्ष डिक चेनी यांचे मुख्य सहायक लुइस लिबी हेही स्वतंत्रपणे बातमीदारांना प्लेम यांच्याविषयी सांगत होते. रोव्ह 'टाइम' साप्ताहिकाच्या मॅथ्यू कूपर यांच्याशी बोलत होते. एक माणूस बेसावधपणे बोलला म्हणून बाकीचे मुद्दाम बोलत नव्हते असं होत नाही. विल्सन यांचा मुद्दा खोडता येईना, म्हणून 'बायकोने पाठवलेला माणूस' असं म्हणून त्यांची किंमत कमी करायची होती, आणि त्या भरात एका हेराचं इतरांच्या विश्वासावर उभं असलेलं आयुष्य पणाला लागलं, याचं या मंडळींना सोयरसुतक नव्हतं.

६. पंच्याऐंशी दिवस

सीआयएने न्याय खात्याकडे तक्रार केली. डिसेंबर २००३ मध्ये पॅट्रिक फिट्झगेराल्ड यांची विशेष वकील म्हणून नेमणूक झाली. नाव कोणी फोडलं हे शोधायचं, तर ज्यांना सांगितलं गेलं त्यांना विचारणं हा सरळ रस्ता. म्हणून पत्रकारांना ग्रँड ज्युरीपुढे साक्षीचं समन्स निघालं. ग्रँड ज्युरी म्हणजे खटला भरण्याइतका पुरावा आहे का, हे बंद दाराआड ठरवणारं नागरिकांचं मंडळ.

पत्रकार तिथे गप्प राहू शकतो का? हा प्रश्न अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापुढे १९७२ मध्येच आला होता, ब्रान्झबर्ग खटल्यात. पाच विरुद्ध चार मतांनी निकाल लागला की ग्रँड ज्युरीपुढे साक्ष देण्याचं जे कर्तव्य इतर नागरिकांना आहे, तेच पत्रकारालाही आहे. त्यानंतर बहुतेक राज्यांनी आपापल्या हद्दीत पत्रकारांना संरक्षण देणारे कायदे केले, पण केंद्रीय पातळीवर असा कायदा आजवर झालेला नाही. आणि हे प्रकरण केंद्रीय न्यायालयातलं.

कूपर आणि 'न्यूयॉर्क टाइम्स'च्या ज्युडिथ मिलर या दोघांनी नाव सांगायला नकार दिला. न्यायालयाचा अवमान झाल्याचं ठरलं, अपील फेटाळलं गेलं, आणि जून २००५ अखेर सर्वोच्च न्यायालयाने प्रकरण ऐकायलाही नकार दिला. कूपर यांच्या साप्ताहिकाच्या व्यवस्थापनाने त्यांची टिपणं सरकारच्या स्वाधीन केली. ६ जुलैला, शिक्षेच्याच दिवशी, कूपर यांना त्यांच्या सूत्राने वचनातून मोकळं केल्याचा निरोप मिळाला आणि ते साक्षीला तयार झाले. मिलर यांची रवानगी व्हर्जिनियातल्या अलेक्झांड्रिया शहराच्या तुरुंगात झाली. त्या तिथे ८५ दिवस होत्या. मिलर यांनी प्लेम यांच्याविषयी एक ओळही छापलेली नव्हती. न लिहिलेल्या बातमीच्या सूत्रासाठी त्या आत गेल्या.

तुम्ही विचाराल, सूत्रानेच 'सांगा माझं नाव' असं लिहून दिलं तर बातमीदार अडून का बसेल? सरकारी अधिकाऱ्यांकडून तशा छापील संमतिपत्रांवर सह्या घेतल्याही होत्या. पण वरिष्ठांच्या धाकाने केलेली सही ही संमती नव्हे, असं मिलर यांचं म्हणणं होतं. शेवटी लिबी यांनी पत्राने आणि फोनवर स्वतः मोकळीक दिली, तेव्हा २९ सप्टेंबरला त्या सुटल्या.

७. शिक्षा कोणाला झाली?

नाव फोडल्याबद्दल कोणालाही नाही. त्या गुन्ह्याचा आरोपच कोणावर ठेवला गेला नाही. खटला झाला तो लिबी यांच्यावर, तपासात खोटं बोलल्याचा. प्लेम यांच्याविषयी आपण 'एनबीसी'च्या टिम रसर्ट यांच्याकडून ऐकलं, असं त्यांनी सांगितलं होतं. रसर्ट यांनी शपथेवर सांगितलं की असं काही झालंच नाही. मार्च २००७ मध्ये ज्युरीने पाचपैकी चार आरोपांत लिबी यांना दोषी ठरवलं. शिक्षा ३० महिने कैद आणि अडीच लाख डॉलर दंड. बुश यांनी कैद रद्द केली आणि लिबी एक दिवसही तुरुंगात गेले नाहीत. २०१८ मध्ये डोनाल्ड ट्रम्प यांनी त्यांना पूर्ण माफी दिली.

याच्या शेजारी दुसरं प्रकरण ठेवून पाहा. जॉन किरियाकू हे सीआयएचे माजी अधिकारी. कैद्याला फळीवर बांधून, तोंडावर पाणी ओतून त्याचा श्वास कोंडायचा, ही सीआयएची पद्धत २००७ मध्ये टीव्हीवर उघड बोलून दाखवणारे ते आतले पहिले माणूस. पुढे त्यांनी एका गुप्त अधिकाऱ्याचं नाव एका पत्रकाराला कळवल्याचं निष्पन्न झालं. त्या पत्रकाराने ते छापलं नाही. किरियाकू यांनी २०१२ मध्ये १९८२ च्याच कायद्याखाली गुन्हा कबूल केला. शिक्षा झाली ३० महिने. त्यातली जवळजवळ दोन वर्षं त्यांनी प्रत्यक्ष तुरुंगात काढली.

किरियाकू यांचं वागणं बरोबर होतं असं मी म्हणणार नाही. हेराचं नाव दुसऱ्याला देणं धोक्याचंच. पण छापून न आलेल्या नावासाठी एक माणूस तुरुंगात जातो, आणि देशभर छापून आलेल्या नावासाठी कोणीच जात नाही, हे मला अस्वस्थ करतं. मोठ्या खुर्चीवरचा माणूस 'मला माहीत नव्हतं' म्हणू शकतो, आणि त्याच्या वर त्याला सोडवणारा कोणी असतो.

८. वचन देण्याआधी

या प्रकरणाने पत्रकारांतच दुफळी पडली. काही म्हणत होते, मिलर यांनी धर्म पाळला. काही म्हणत होते, सत्ताधाऱ्यांना लपवण्यासाठी तुरुंगात जाणं ही कसली पत्रकारिता? मला वाटतं, हे भांडण चुकीच्या जागी चाललं होतं. वचन दिल्यावर ते पाळायलाच हवं. आज लिबी यांचं नाव फोडलं, तर उद्या पुलाचा अहवाल घेऊन येणारा अभियंता येणार नाही. प्रश्न वचन देण्याच्या क्षणाचा आहे.

मिलर यांनी सुटकेनंतर स्वतःच्या वृत्तपत्रात जे लिहिलं त्यातला एक तपशील इथे महत्त्वाचा आहे. लिबी यांच्याशी बोलताना आधी ठरलं होतं की त्यांचा उल्लेख 'प्रशासनातील वरिष्ठ अधिकारी' असा व्हावा. विल्सन यांच्यावर टीका करायची वेळ आली तेव्हा लिबी म्हणाले, आता मला 'संसदेतला माजी कर्मचारी' म्हणा. ते पूर्वी कधीतरी संसदेत नोकरीला होते, त्यामुळे हे अक्षरशः खोटं नव्हतं. मिलर यांनी होकार दिला. ती बातमी छापली गेली असती, तर वाचकाला वाटलं असतं की कोणी तटस्थ माणूस विल्सन यांच्यावर बोट ठेवतोय, आणि प्रत्यक्षात बोलत असतं उपाध्यक्षांचं कार्यालय. नाव लपवणं एक, आणि माणूस कुठल्या बाजूचा आहे हे लपवणं दुसरं. पहिलं कधी कधी करावं लागतं. दुसऱ्याने वाचक फसतो.

मार्क फेल्ट बोलले तेव्हा त्यांची नोकरी धोक्यात होती आणि ते ज्यांच्याबद्दल बोलत होते ते देशाचे अध्यक्ष होते. लिबी बोलले तेव्हा धोका त्यांना नव्हता, एका घरातल्या नवरा-बायकोला होता. नाव राखायचं कबूल करण्याआधी बातमीदाराने हे पाहायला हवं की बोलणाऱ्याला कोणाची भीती आहे, आणि जे छापून येईल त्याचा मार कोणाला बसणार आहे. भीती नसलेल्या बड्या माणसाला नाव लपवायची मुभा द्यायचं कारण मला दिसत नाही. त्याला पत्रकार परिषद घेता येते.

९. आणि आपल्याकडे?

भारतात १९७८ च्या प्रेस कौन्सिल कायद्याच्या कलम १५(२) नुसार कौन्सिलपुढच्या कामकाजात पत्रकाराला सूत्राचं नाव सांगायची सक्ती करता येत नाही. पण हे संरक्षण फक्त कौन्सिलपुढचं. न्यायालयात किंवा पोलीस तपासात ते लागू नाही, आणि १९२३ चा सरकारी गुपितांचा कायदा अजून जागेवर आहे. ऑक्टोबर २०२१ मध्ये पेगॅसस या पाळतीच्या सॉफ्टवेअरच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की सूत्रांचं रक्षण हे वृत्तपत्र स्वातंत्र्याला आवश्यकच आहे.

बोफोर्स तोफांच्या लाच प्रकरणाची कागदपत्रं पत्रकार चित्रा सुब्रमण्यम यांच्या हाती देणारे स्वीडिश पोलीस अधिकारी स्टेन लिंडस्ट्रॉम यांचं नाव २०१२ मध्ये त्यांनी स्वतः पुढे येईपर्यंत, म्हणजे सुमारे २५ वर्षं, गुप्त राहिलं. ते राहिलं ते पत्रकाराच्या शब्दामुळे. कायद्याचा त्याला आधार नव्हता. असा आधार द्यावा, असं विधी आयोगाने १९८३ मध्येच आपल्या ९३ व्या अहवालात सुचवलं होतं. सूत्राचं नाव गुप्त ठेवायचं कबूल करून मिळालेल्या माहितीबाबत न्यायालयाने ते नाव विचारू नये, अशा अर्थाचं '१३२ अ' हे कलम पुरावा कायद्यात घालावं, अशी ती शिफारस होती. जुना पुरावा कायदा जाऊन १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियम लागू झाला. वकील आणि त्याच्या अशिलामधलं बोलणं त्यातही सुरक्षित आहे. पत्रकार आणि त्याच्या सूत्रासाठी त्यात कलम नाही.